बिल्डिंग पास कागदावर होते, वीज मीटरवर जाते : एनर्जी कोड लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय कमिटी सदस्य, आणि कमर्शियल बिल्डिंगचे प्लॅन पास करणाऱ्या ऑफिसमधले सगळे अधिकारी,

नमस्कार.

मी नवीन कमर्शियल बिल्डिंग्जमध्ये एसी आणि इलेक्ट्रिकल सिस्टिम चालू करून देण्याचं, म्हणजे टेस्टिंग-कमिशनिंगचं काम करतो. ऑफिस टॉवर, हॉस्पिटल, हॉटेल, मॉल, सगळं आलं त्यात. तुम्ही लिहिलेला एनर्जी कोड, म्हणजे नवीन बिल्डिंगने वीज कमी खावी म्हणून केलेले नियम, आर्किटेक्टकडून कन्सल्टंटकडे, तिथून टेंडरमध्ये, मग कॉन्ट्रॅक्टरकडे असा फिरत फिरत शेवटी प्लँटरूममध्ये आमच्यासारख्यांच्या हातात येतो, आणि तिथे उभं राहिल्यावर जे दिसतं ते तुमच्यापर्यंत कधी पोचतच नाही, कारण तोपर्यंत तुमच्या दप्तरी ती फाईल बंद झालेली असते.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. नवीन बिल्डिंग कोडमध्ये बसते की नाही हे फक्त प्लॅन पास करताना ठरवू नका. लोक आत येऊन काम करायला लागले की सलग बारा महिन्यांच्या मीटर रीडिंगवर ते परत तपासा, आणि जो आकडा येईल तो जाहीर करा. बाकी या पत्रात जे काही आहे ते हे का म्हणतोय आणि कसं जमेल एवढंच.

कोडमुळे काही फरक पडला नाही असं माझं अजिबात म्हणणं नाही. १९७३ चं तेलसंकट आलं, त्यानंतर ॲशरेने, म्हणजे अमेरिकेतल्या एसी-हीटिंग इंजिनियरांच्या संस्थेने, १९७५ मध्ये बिल्डिंगसाठीचं पहिलं एनर्जी स्टँडर्ड काढलं, कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये स्वतःचे नियम आणले, युरोपचं डायरेक्टिव्ह २००२ चं, भारताचा बिल्डिंग एनर्जी कोड, ईसीबीसी, २००७ चा आणि मग २०१७ मध्ये सुधारलेला. या सगळ्याचा परिणाम आम्हाला साइटवर रोज दिसतो. मोठ्या ऑफिसला साधी सिंगल काच लावणं कमी झालं, चोकवाल्या ट्यूबा गेल्या, एलईडी आले, आणि पाण्याने थंड होणारा चांगला सेंट्रिफ्युगल चिलर, म्हणजे सेंट्रल एसीसाठी पाणी गार करणारं मशीन, आज एक युनिट वीज घेऊन बिल्डिंगमधली साधारण सहा युनिट उष्णता काढतो. ही कमाई कोडची आहे आणि ज्यांनी वर्षानुवर्षं बसून एकेक टेबल लिहिलं त्यांची आहे.

पण इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या हिशोबाने आजही जगातली साधारण ३० टक्के अंतिम ऊर्जा बिल्डिंग्ज चालवण्यात जाते, आणि २०६० पर्यंत जगातलं एकूण बांधलेलं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होईल असा अंदाज आहे. म्हणजे अजून जवळपास तेवढंच बांधायचंय. म्हणून नवीन बिल्डिंगच्या कोडबद्दल मला इतकं वाटतं, जुनी सुधारायला जन्म जातो, नवीन पहिल्यापासून नीट करता येते.

आता मूळ मुद्दा. तुमच्या कोडमध्ये पास व्हायचे साधारण दोन रस्ते असतात. एक म्हणजे टेबलात दिलंय तसं सगळं करायचं, भिंतीचं इन्सुलेशन एवढं, काचेचा एसएचजीसी (उन्हाच्या उष्णतेचा किती हिस्सा काच आत सोडते तो आकडा) एवढा, लाइटिंगचे वॉट इतके. दुसरा परफॉर्मन्सचा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आपल्या बिल्डिंगचं मॉडेल करायचं, शेजारी तिचीच एक जुळी बहीण करायची जी बरोबर कोडप्रमाणे आहे, दोघींना वर्षाचे ८७६० तास चालवायचं आणि आपली कमी वीज खाते असं दाखवायचं. मोठ्या बिल्डिंग्ज बहुतेक या दुसऱ्या रस्त्यानेच येतात. त्या मॉडेलमध्ये काय असतं बघा, ऑफिस रोज ठरल्या वेळी उघडतं, ठरल्या वेळी बंद होतं, दिवे आपोआप विझतात, प्रत्येक डॅम्पर (डक्टमधली हवेची झडप) सांगितलं तसा हलतो, फिल्टर कधी चोंदत नाही आणि सेन्सर कधी चुकीचं वाचत नाही. दोन्ही जुळ्यांना सारखंच गृहीत धरलेलं असल्यामुळे तुलना म्हणून ते ठीक आहे, माझी त्याला हरकत नाही. पण ॲशरेच्या बिल्डिंग एनर्जी स्टँडर्डच्या, म्हणजे ९०.१ च्या, परिशिष्ट जी मध्ये स्पष्ट लिहिलंय की हे आकडे म्हणजे प्रत्यक्ष वापराचा अंदाज नव्हे. ज्यांनी पद्धत बनवली तेच हे सांगतात, आणि आपण मात्र त्याच आकड्यावर सर्टिफिकेट देऊन मोकळे होतो.

ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात प्रोब नावाचे अभ्यास झाले, नवीन बिल्डिंग्ज वापरात आल्यावर परत जाऊन मोजायच्या असा तो प्रकार होता. बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष वापर डिझाइनच्या अंदाजाच्या दुपटीच्या आसपास निघाला. त्याला आता वीस वर्षांवर काळ गेला आणि तरी कोडमध्ये मोजायचं कलम अजून बहुतेक ठिकाणी नाही.

ही दुप्पट नक्की कुठून येते ते एका पंख्यावरून सांगतो.

एएचयूचा, म्हणजे हवा गार करून डक्टमधून मजल्यावर ढकलणाऱ्या युनिटचा पंखा. कोड म्हणतो ठराविक किलोवॉटच्या वरच्या पंख्याला स्पीड कमी-जास्त करायची सोय हवी. ड्रॉइंगमध्ये व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह, दाखवलाय, बिलात आहे, भिंतीवर बसवलेला पण आहे. इन्स्पेक्शनला टिक. आता एएचयू रूमचं दार उघडून जवळ जाऊन बघा, ड्राइव्हच्या डिस्प्लेवर फुल स्पीड दिसतोय आणि सिलेक्टर 'ऑटो'वर नाही, 'हँड'वर आहे. का, तर डक्टमधला प्रेशर सेन्सर बघून त्या पंख्याने स्पीड ठरवायचा असतो, पण सेन्सरची ती पेन्सिलपेक्षा बारीक प्लॅस्टिकची नळी डक्टमध्ये खोचलेलीच नाही, लटकतेय बाहेर. किंवा खोचलीय पण सेन्सर पंख्याच्या तोंडाशीच लावलाय, डक्टच्या टोकाकडे न्यायला केबल कमी पडली म्हणून. हँडओव्हरच्या आठवड्यात कुठल्यातरी कोपऱ्यातल्या केबिनमधून गरम होतंय अशी तक्रार आली, कोणीतरी स्विच हँडवर फिरवला, तक्रार थांबली, आणि तो स्विच त्यानंतर कोणी परत फिरवत नाही.

याची किंमत किती? पंख्याची पॉवर स्पीडच्या घनाने बदलते. स्पीड ८० टक्क्यांवर आणला की पॉवर साधारण निम्मी होते, अर्ध्यावर आणला तर हिशोबाने आठवा हिस्सा. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ जो पंखा निम्म्या किंवा त्याहून कमी पॉवरवर चालायला हवा होता तो पूर्ण पॉवरवर चालतोय, आणि तो एक नाही, प्रत्येक मजल्यावर दोन-दोन असतात. वर त्या पंख्याची मोटर जी जास्तीची वीज खाते ती उष्णता होऊन त्याच हवेत जाते, ती परत चिलरने काढायची. आणि कोडच्या दृष्टीने ही बिल्डिंग शंभर टक्के पास आहे! कारण कोडने विचारलं व्हीएफडी आहे का, आणि आहे. तो काय करतोय हे कोडने विचारलंच नाही.

अशीच गोष्ट फ्रेश एअरची. माणसं कमी असतील तेव्हा बाहेरची हवा कमी घ्यायची म्हणून कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर लावायला लावता, चांगलं आहे, पण सेन्सर कॅलिब्रेट न करता बसवला आणि तो जास्त वाचायला लागला की डॅम्पर कायम उघडा, आणि बाहेर दमट उकाडा असेल तर त्या हवेतलं पाणी काढण्यात चिलरचा जीव जातो. लिफ्ट लॉबीतल्या लाइटचे सेन्सर, पार्किंगमधले एक्झॉस्ट फॅन, सगळीकडे हीच कथा, सगळ्या सांगत बसत नाही.

पण एक सांगायलाच पाहिजे, रात्रीचा लोड. कुठल्याही नवीन ऑफिसचा अर्ध्या अर्ध्या तासाचा मीटर डेटा घ्या आणि रात्री दोन वाजता काय चाललंय ते बघा. बिल्डिंग रिकामी, दिवे बंद, तरी लोड दिवसाच्या निम्म्याखाली उतरत नाही अशा बिल्डिंग्ज मी बघितल्यात. एका ठिकाणी शोधत गेलो तर मूळ निघालं एका छोट्या यूपीएस रूममध्ये. त्या खोलीला चोवीस तास थंडावा हवा, आणि डिझाइनमध्ये तिला वेगळं छोटं युनिट न देता सेंट्रल चिल्ड वॉटरवरच जोडलेली, त्यामुळे एका खोलीसाठी रात्रभर एक मोठा चिलर, त्याचे दोन्ही पंप आणि कूलिंग टॉवर चालू. चिलर इतक्या कमी लोडवर नीट चालत पण नाही, सारखा चालू-बंद, चालू-बंद. पेपरवर प्रत्येक मशीन कोडपेक्षा सरस होतं, चिलरचा सीओपी (एका युनिट विजेत किती उष्णता काढतो तो आकडा) बघून कोणीही खूष झालं असतं. ही चूक कुठल्याच टेबलात सापडणार नाही, कुठल्याच मॉडेलमध्ये दिसणार नाही, रात्री दोनच्या मीटर रीडिंगमध्ये मात्र पहिल्या आठवड्यात दिसते. फक्त ते रीडिंग कोणीतरी मागितलं पाहिजे.

आता काचेबद्दल. इथे मला मीटरच्या जोडीला अजून एक गोष्ट मागायचीय, कारण मशीनची चूक नंतर दुरुस्त होते पण काचेची होत नाही.

साधा हिशोब आहे. पश्चिमेकडे १००० चौरस मीटर काच आहे आणि दुपारनंतर तिच्यावर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडतंय असं धरा, स्वच्छ आकाशाला हा आकडा काही फार नाही. एसएचजीसी ०.२५ ची काच असेल तर १५० किलोवॉट उष्णता आत येईल, ०.५० ची असेल तर ३००. फरक १५० किलोवॉटचा, म्हणजे जवळपास ४३ टन एसी, फक्त एका बाजूसाठी, फक्त काच बदलल्यामुळे. त्या ४३ टनासाठी मोठा चिलर, मोठे पंप, मोठे पाइप, मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि खिडकीजवळ बसणारा माणूस तरीही पडदे ओढून आत दिवे लावून बसतो, म्हणजे काच ज्या उजेडासाठी लावली तो उजेड पण गेला.

आणि परफॉर्मन्सच्या रस्त्यात काय चालतं, तर काच वाईट घेतली तरी चिलर भारी दाखवून, लाइटिंग कमी दाखवून हिशोब जुळवता येतो. चिलर वीस-पंचवीस वर्षांत बदलला जाईल, त्यावेळी कोणतं मशीन येईल कोणाला माहीत, पण काचेचा फसाड, म्हणजे बाहेरचा दर्शनी भाग, बिल्डिंग उभी असेपर्यंत तसाच राहणार, पन्नास वर्षं म्हणा, जास्त म्हणा. पन्नास वर्षांचं नुकसान वीस वर्षांच्या मशीनने भरून काढायची परवानगी आपण देतोय. तेव्हा फसाडसाठी एक किमान पातळी ठेवा जिच्या खाली कुठल्याही मॉडेलने, कुठल्याही अदलाबदलीने जाता येणार नाही. काही कोडमध्ये हे आहे, तुमच्यात नसेल तर आणा. आणि फ्रेमकडे पण बघा, ॲल्युमिनियम उष्णता वाहून न्यायला पॉलिअमाइडच्या (उष्णता अडवायला फ्रेममध्ये घालायच्या प्लॅस्टिकच्या) पट्टीच्या शेकडो पट सोपं, फ्रेममध्ये ती पट्टी नसेल तर महागड्या डबल काचेच्या कडेने उष्णता सरळ आत येते. ॲशरेच्या २०२२ च्या आवृत्तीत अशा थर्मल ब्रिजचा, म्हणजे उष्णतेच्या चोरवाटांचा, हिशोब धरायला लावलाय, योग्य केलं.

अजून एक, प्लॅन पास झाल्यानंतर काच बदलते. बजेट वाढलं की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते, 'समकक्ष' म्हणून दुसरी येते, रंग तोच, चमक तीच, आणि एसएचजीसी कितीचा आहे हे डोळ्यांनी बघून जगात कोणालाही सांगता येत नाही. स्टिकर तर लावल्या दिवशीच काढून टाकतात. साइटवर आलेल्या मालातून एक-दोन तुकडे उचलून लॅबला पाठवायची सक्ती करा, काँक्रीटचे क्यूब पाठवतोच ना आपण टेस्टिंगला, तसंच हे.

मशीन गरजेपेक्षा मोठं घ्यायची जी सवय आहे तिच्यावर वेगळं पत्र लिहिता येईल. थोडक्यात एवढंच की इतक्या फुटाला एक टन हा ठोकताळा जुन्या काचेच्या आणि जुन्या ट्यूबांच्या जमान्यातला आहे, लाइटिंगचा लोड तेव्हापेक्षा कितीतरी कमी झाला तरी तो ठोकताळा अजून चालतो.

मार्केट आपोआप हे का सुधारत नाही असं विचाराल तर कारण सगळ्यांना माहितीये, बांधतो एक आणि बिल भरतो दुसरा. डेव्हलपरला बांधकामाचा खर्च दिसतो, भाडेकरूला महिन्याचं बिल दिसतं, आणि जागा घेताना दोन बिल्डिंगमधली कुठली कमी वीज खाते हे सांगणारा एकही मोजलेला आकडा भाडेकरूच्या हातात नसतो. जो आकडा असतो तो डिझाइनच्या वेळचा, लॉबीत फ्रेम करून लावलेला.

त्यात बऱ्याच ऑफिस बिल्डिंग्ज नुसता सांगाडा आणि सेंट्रल प्लँट अशा अवस्थेत पास होतात. आतलं सीलिंग, डक्ट, दिवे, केबिन, सर्व्हर रूम हे सगळं नंतर प्रत्येक भाडेकरू आपापल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतो, आणि ते काम तुमच्या कोडच्या तपासणीत बऱ्याचदा येतच नाही. मॉडेलमध्ये उघडं मोठं हॉल दाखवलेलं असतं, प्रत्यक्षात तिथे वीस केबिन होतात, एका थर्मोस्टॅटवर चार खोल्या, एकीत थंडी वाजते आणि दुसरीत घाम येतो, मग सेट पॉइंट खाली, अजून खाली. फिटआउटला कोड लागू नसेल तर निम्मी बिल्डिंग कोडच्या बाहेरच राहिली.

मोजणं जमतं का? जमतं, जमवलंय लोकांनी. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकाच्या शेवटी न्यू साउथ वेल्समध्ये जी रेटिंगची पद्धत सुरू झाली, जिला आज नेबर्स म्हणतात, ती बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष मीटर डेटावर चालते. सहा स्टार असतात. नवीन बिल्डिंगचा डेव्हलपर बांधायच्या आधी लेखी कबूल करतो की मी इतके स्टार देईन, आणि बिल्डिंग भरल्यावर वर्षभराच्या आकड्यांनी ते सिद्ध करावं लागतं. २०१० च्या कायद्याने तिथे मोठी ऑफिसची जागा विकताना किंवा भाड्याने देताना रेटिंग सांगणं सक्तीचं झालं, आधी २००० चौरस मीटरच्या वर, मग २०१७ पासून १००० च्या वर. २०२० मध्ये ब्रिटनने तीच पद्धत उचलली. स्वीडनच्या नियमांत तर नवीन बिल्डिंग वापरात आल्यावर दोन वर्षांच्या आत सलग बारा महिने मोजून आकडा तपासावा असं आलेलं आहे. सिंगापूरमध्ये मोठ्या बिल्डिंगच्या चिलर प्लँटवर मोजायची यंत्रणा कायमची बसवावी लागते आणि दर तीन वर्षांनी प्लँटचं ऑडिट होतं. यातलं काहीच आकाशातून पडलेलं नाही, कुठल्यातरी कमिटीनेच बसून लिहिलं.

आता हरकती काय येणार ते मला माहितीये, कारण जेव्हा जेव्हा हा विषय मीटिंगमध्ये काढतो तेव्हा त्याच येतात.

भाडेकरू कसा वापरतो ते आमच्या हातात नाही, ही पहिली. बरोबर आहे, नाहीच. म्हणूनच हिशोब वेगळा करा, प्लँट, लिफ्ट, कॉमन एरिया, पार्किंग हे मालकाच्या नावावर, आणि भाडेकरूचे दिवे, कॉम्प्युटर, सर्व्हर त्याच्या नावावर. नेबर्समध्ये हे असंच वेगळं आहे आणि किती तास ऑफिस चालतं, किती जागा भरलीय याचाही हिशोब धरला जातो. अर्धी रिकामी असेल तर अर्धीचा हिशोब करा, किंवा भरेपर्यंत मुदत द्या, पण मुदत संपायची तारीख लिहून.

दुसरी हरकत तुमच्याच बाजूची, की तपासायला माणसं नाहीत. यावर मला कळकळीने सांगावंसं वाटतं की उलट मीटर तपासणं जास्त सोपं आहे. परफॉर्मन्स मॉडेल नीट तपासायचं तर शेकडो इनपुट उघडून बघावे लागतात, ते जमायला अनुभवी माणूस लागतो आणि तो तुमच्या ऑफिसात नसतो म्हणून कन्सल्टंटने दिलेला सारांश वाचून शिक्का बसतो. मीटरचं रीडिंग मात्र कुठलाही क्लार्क वाचू शकतो, वीज कंपनीकडून थेट मागवता येतं, आणि क्षेत्रफळाने भागलं की झालं. ज्या ऑफिसकडे माणसं कमी आहेत त्याने तर पहिल्यांदा मीटरकडे जायला पाहिजे.

तिसरी, खर्च. सबमीटरचा खर्च बिल्डिंगच्या एकूण खर्चात शोधून सापडणार नाही, फक्त तो डिझाइनच्या वेळी करायला हवा. ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच राइझरवरून (मजल्यांवर जाणाऱ्या मुख्य लाइनवरून) दिवे, एएचयू आणि प्लग पॉइंट सगळं दिलं की नंतर कितीही मीटर लावा, कोण किती खातंय ते वेगळं काढता येत नाही, पॅनल उघडून, शटडाऊन घेऊन, वायरी वेगळ्या कराव्या लागतात, आणि चालू ऑफिसमध्ये शटडाऊन कोणी देत नाही. म्हणून प्लॅनसोबत जी इलेक्ट्रिकल लाइन डायग्राम येते तिच्यात चिलर प्लँट, एअर साइड (एएचयू आणि बाकीचे पंखे), दिवे, प्लग, लिफ्ट आणि सर्व्हर रूम वेगवेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर प्लॅन परत. एवढी एक तपासणी आज, पहिल्या दिवसापासून सुरू करता येईल.

आणि खर्चाचंच म्हणाल तर लॉरेन्स बर्कली लॅबने २००९ मध्ये शेकडो बिल्डिंग्जचा कमिशनिंगचा अभ्यास केला होता, त्यात जुन्या बिल्डिंगमध्ये मध्यक (मीडियन) बचत १६ टक्के आणि खर्च साधारण १.१ वर्षात वसूल, नवीनमध्ये १३ टक्के आणि ४.२ वर्षं असं निघालं. नवीन बिल्डिंगमध्ये १३ टक्के म्हणजे नवीन मशीन न घेता, जे घेतलंय तेच नीट चालवून. कोड एक आवृत्ती पुढे न्यायला तुम्हाला केवढा झगडा करावा लागतो ते मी लांबून बघतो, त्याच्या तुलनेत हे तर हाताशी पडलेलं आहे.

पण कमिशनिंग करणारा माणूस कॉन्ट्रॅक्टरच्या पगारावर नको. आज बहुतेक ठिकाणी तसंच आहे, ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, आणि हँडओव्हरची तारीख चुकली की दंड त्यालाच, मग रिपोर्टमध्ये काय लिहिलं जाणार. नळी बाहेर लटकतेय असं लिहिलेला रिपोर्ट 'नंतर बघू'च्या यादीत जातो आणि बिल्डिंगचं उद्घाटन होतं. स्वतंत्र माणूस नेमा, त्याचा रिपोर्ट थेट तुमच्याकडे येऊ दे. आणि एकदा हँडओव्हरला करून भागत नाही, बिल्डिंग भरल्यावर, उन्हाळ्यात एकदा आणि गारठ्यात एकदा परत बघावं लागतं, कारण रिकाम्या बिल्डिंगमध्ये कुठलाच कंट्रोल खरा तपासला जात नाही.

बिल्डिंग मीटरवर नापास झाली तर काय करायचं? टाळं ठोकू नका, त्याने कोणाचं भलं होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र द्यायच्या वेळी एक अनामत रक्कम ठेवून घ्या, बारा महिन्यांचा आकडा कबूल केल्याच्या आत आला की परत द्या. नाही आला तर सहा महिने दुरुस्तीला द्या आणि परत मोजा. माझा अनुभव असा की त्या सहा महिन्यांत बहुतेक बिल्डिंग्ज नीट होतील, कारण कारणं बहुतेक स्विच हँडवर असण्याइतकी साधी असतात, त्यांच्याकडे बघायला कोणाला कारण नव्हतं एवढंच. त्यानंतरही नाही जमलं तर अनामत जप्त आणि आकडा यादीत, नावासकट, सगळ्यांना बघायला मिळेल असा.

या आकड्यांचा अजून एक मोठा फायदा आहे जो मला व्यक्तिशः सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या इंजिनियरने ती यूपीएस रूम सेंट्रल प्लँटला जोडली त्याला आजही माहीत नाही की त्यामुळे काय झालं. त्याने ड्रॉइंग दिलं, फी घेतली, पुढच्या प्रोजेक्टला गेला, आणि तिथेही तो तसंच करत असेल. डिझाइन करणाऱ्याकडे आपल्या बिल्डिंगचं बिल कधी येतच नाही. बारा महिन्यांचा आकडा जर कोडनेच त्याच्या टेबलावर पाठवला तर दोन-तीन प्रोजेक्टमध्ये तो जे शिकेल ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकणार नाही. आणि तुम्हालाही कळेल की तुमच्या कोडमधलं कुठलं कलम खरंच वीज वाचवतं आणि कुठलं नुसतं कागदावर राहतं, पुढची आवृत्ती मग अंदाजावर लिहावी लागणार नाही.

कोडच्या पुढच्या आवृत्तीत टेबलातले आकडे अजून दहा टक्के कडक करायचे की हे मोजायचं कलम घालायचं, अशी निवड करायची वेळ आली, आणि दोन्हीला पाठिंबा मिळणार नसेल, तर कृपा करून मोजायचं कलम घ्या. आकडे नंतर कडक करता येतील. युरोपने २०३० पासून सगळ्या नवीन बिल्डिंग्ज झिरो एमिशन करायचं ठरवलंय, बाकीच्यांची पण तशीच उद्दिष्टं आहेत, आणि ती सगळी जर कागदावरच पूर्ण झाली तर वातावरणाला त्याचा काही उपयोग नाही.

कलम फार मोठं लागत नाही. माझ्या शब्दांत असं : 'ठरावीक आकारावरच्या प्रत्येक नवीन कमर्शियल बिल्डिंगमध्ये वापरानुसार वेगळे मीटर असतील. बिल्डिंग वापरात आल्यापासून चोवीस महिन्यांच्या आत सलग बारा महिन्यांचा, प्रति चौरस मीटर वापर मालक सादर करेल आणि संबंधित ऑफिस तो प्रसिद्ध करेल. परवानगीच्या वेळी कबूल केलेल्या आकड्यापेक्षा वापर जास्त असल्यास स्वतंत्र तपासणी करून दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक राहील.' भाषा तुमचे कायद्याचे लोक सुधारतील, अर्थ तेवढा राहू द्या.

आणि हे पत्र जे प्लँटरूममध्ये काम करणारे, शिफ्टला बसणारे, बीएमएसच्या, म्हणजे बिल्डिंगच्या कंट्रोल सिस्टिमच्या, स्क्रीनसमोर असणारे लोक वाचतायत त्यांना पण एक विनंती, नवीन कोडचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा आपल्यातलं कोणी काही लिहीत नाही, सगळ्या सूचना काचवाल्यांच्या, मशीनवाल्यांच्या आणि बिल्डरांच्या असतात. या वेळी लिहा. फार काही नको, तुमच्या बिल्डिंगचा दुपारी दोनचा आणि रात्री दोनचा लोड, बिल्डिंगचं नाव न घेता, आणि रात्री नक्की काय चालू असतं ते. कमिटीने मागितलं तर माझ्याकडचे लॉग, मालकांची परवानगी घेऊन, मी पण पाठवायला तयार आहे.

आपला,
एक कमिशनिंग इंजिनियर